सत्तर लिटर

६ फेब्रुवारी, गुरुवार

आई,

नमस्कार. ताईंच्या जिन्यानं गुडघे धरले नाहीत ना? इथे आम्ही तिघं बरे आहोत. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन ताईंच्या हातात देता, म्हणून शेवटी पत्र लिहायला घेतलं. तुम्हाला सावकाश वाचायला आवडतं आणि मला तोंडापेक्षा कागदावर बरं जमतं. लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी तुम्ही म्हणाला होतात, "मास्तरीण, तुझी जीभ पेनात आहे."

चार दिवसांसाठी म्हणून गेलात, त्याला आज तीन आठवडे झाले. परत कधी येताय, एवढंच विचारायला हे पत्र आहे. आधीच विचारून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहिता लिहिता ते राहून जाईल.

आता घरची खबर. मागचं अंगण वाळलं. तुम्ही होतात तेव्हाच संडासाची टाकी उपसून झाली होती, पण तिचं पाणी जिथे मुरतं त्या शोषखड्ड्यावरची जमीन काही सुकत नव्हती. दोरीखालून जाताना चप्पल रुतायची, आठवतं ना. आता तिथे माती भेगाळली आहे. वास गेला. तुमची लाडकी नात ठमी पुन्हा दोरीवर कपडे घालायला लागली, म्हणजे सांगितल्यावर घालते.

टाकीवाला मागच्या आठवड्यात येऊन पाहून गेला. बांबूच्या टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळून तो टाकीत सोडतो, आणि वर काढून टॉवेलवर काळं कुठवर चढलं ते बघतो, ताप बघावा तसा. म्हणाला, "आता पोट बरं आहे. पण उसंत द्या त्याला. एकदम पाणी ओतलं की गाळ खाली बसत नाही, पुढच्या खड्ड्यात जातो आणि तिथली माती बुजवून टाकतो." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "मोठ्या बाई कुठंयत?" लेकीकडे गेल्यात म्हटलं. "कधी येणार?" येतील, म्हटलं. त्यानं पुढं विचारलं नाही, चहा अर्धा ठेवून गेला. माझा चहा त्याला पातळ वाटतो.

आमचे नियम चालू आहेत. कपड्यांचं मशीन आठवड्यातून दोनदा, तेही दोन वेगळ्या दिवशी. भाज्या धुतलेलं पाणी कुंडीत. संडासात ॲसिड नाही, फिनेल नाही; टाकीतले किडे मरतात आणि तेच तर सगळं काम करतात, असं तो म्हणतो. फ्लशच्या टाकीत पाण्यानं भरलेली एकेक बाटली आडवी घातली आहे, तेवढंच पाणी वाचतं. तुमच्या चिरंजिवांचा शॉवर बंद करून बादली दिली, तेव्हापासून त्यांचं गाणंही बंद पडलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का त्यांची?"

पाणी आता बेतात लागतं. घरातलं एक माणूस कमी म्हटल्यावर तेवढा फरक पडायचाच.

ती वही मी बंद केली आहे. कपाटात वरच्या खणात ठेवली. फाडली नाही, मला कागद टाकवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिच्याबद्दल काय ते तुम्ही आल्यावर बोलू.

तुमची खोली झाडून ठेवते. खिडकी दुपारी उघडते, संध्याकाळी लावते. रक्तदाबाच्या गोळ्या यांच्याबरोबर पाठवल्या होत्या, त्या आता संपत आल्या असतील, ताईंना सांगा.

ग्रंथालयात वर्षअखेरची पुस्तकमोजणी सुरू झाली आहे. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, म्हणून इथेच थांबते. एका ओळीचं उत्तर आलं तरी चालेल.

तुमची,
मास्तरीण


२३ फेब्रुवारी, रविवार

आई,

नमस्कार. पत्र पोचल्याचं ताईंकडून कळलं. "वाचलं तिनं. दोनदा वाचलं. आणि पिशवीत ठेवलं," म्हणाल्या. पुढं काय म्हणाली, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही, दोडका चिरायला घेतला."

उत्तर आलं नाही यात तुमची चूक नाही. मी तुम्हाला कधी येताय असं विचारलं आणि का गेलात ते मात्र लिहिलंच नाही. "वहीबद्दल आल्यावर बोलू" असं लिहून मोकळी झाले. आज लिहिते. तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे, पण ते मला माहीत आहे हे तुम्हाला कळायला हवं.

डिसेंबरच्या सुरुवातीला न्हाणीघरातली मोरी गुडगुड करायला लागली आणि अंगणात वास सुटला. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा टाकीवाल्यानं कपाळाला हात लावला. "कधी उपसली होती?" तुम्ही म्हणालात, अकरा वर्षं झाली. "तीन वर्षांनी उपसायची असते, मोठ्या बाई." तुम्ही म्हणालात, "माझं पोट साठ वर्षांत कुणी उपसलं नाही, चाललंय ना." तो इतका हसला की हातातली दोरी सुटली. पण जाताना दारात उभं राहून तो मला एकटीला म्हणाला, "ताई, गाळ काढला, तो प्रश्न मिटला. पण शोषखड्डा ओला आहे. चार माणसांचं पाणी नाही हे, आठांचं आहे. खड्डा मेला, तर नवा खणायला तुमच्याकडे हातभर जागा नाही. भिंतीला भिंत आहे. आणि या गल्लीत सार्वजनिक गटाराची लाईनही नाही. मग घर सोडायची वेळ येते लोकांवर."

घर सोडायची वेळ. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी काय केलं, तर वही आखली. माझं दुसरं काय असतं. रोज सकाळी सातला पाण्याच्या मीटरचा आकडा, आणि खाली चार रकाने, चौघांचे. कोण किती वेळा गेलं, अंघोळ बादलीची की शॉवरची, नळ किती वेळ चालला. मीटर दिवसाला नऊशे लिटर दाखवत होता.

तिसऱ्या दिवशी ठमी बिथरली. "मी किती वेळा जाते ते तू लिहिणार? मग दारावर तिकीटखिडकीच काढ ना." हे म्हणाले, "माझे आकडे तूच टाक, तुला पटतील तेवढे." झालं. दोन रकाने रिकामे राहिले. माझा मी भरत होते, पण मी दिवसभर ग्रंथालयात. शेवटी खरोखर भरत राहिला तो एकच.

तुमचा भरणं सोपं होतं. घरी आल्यावर मी जिथे काम घेऊन बसते ती भिंत आणि तुमच्या संडासाची भिंत एकच. तो फ्लश जुना, ओढला की अख्ख्या घराला कळतं. मला मोजायला उठावंही लागत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तर पूर्ण दिवसाचा आकडा मिळायचा. अकरा वेळा. दहा. अकरा. त्याशिवाय तुमचं हात धुणं. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सचे हात, कोपरापर्यंत साबण आणि ओठांत वीसपर्यंत मोजणी, आणि तोवर नळ चालू. एकदा मी म्हटलं, "आई, साबण लावताना नळ बंद ठेवलात तर?" तुम्ही म्हणालात, "बरं." दुसऱ्या दिवसापासून नळ बंद. एका शब्दानं तक्रार नाही.

आणि आकडा उतरायला लागला. अकराचे आठ झाले, आठाचे सहा. सात जानेवारीला पाच. त्या पाचाच्या पुढे मी लिहिलं आहे: "सुधारणा". मला आनंद झाला होता. तो आनंद अक्षरात दिसतो, उकार मोठा काढला आहे.

मीटर मात्र जवळजवळ तिथेच होता. ते मी पाहिलं आणि पुढे गेले. आणखी एक पाहिलं होतं. तुमच्या उशाशी पाण्याचा पेला असतो, वर बशी. तो संध्याकाळी भरलेला असायचा आणि सकाळीही भरलेलाच. दोन-तीन दिवस पाहिला. मला वाटलं, थंडी आहे, तहान लागत नसेल. वाटलं म्हणजे, तसं वाटून घेतलं.

मग तो दिवस. तुम्ही पेन्सिल शोधत माझ्या टेबलाशी आलात. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा वही उघडी होती आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचत होतात. तुम्ही एकेक पान उलटलंत, शांतपणे, जशी पाळी बदलताना आधीच्या नर्सची नोंद वाचावी तशी.

"तक्ता नीट मांडलायस," तुम्ही म्हणालात.

"आई, ते टाकीसाठी आहे, म्हणजे सगळ्यांचंच—"

"कळलं मला. आम्ही असाच ठेवायचो, पलंगाच्या पायाशी टांगलेला. किती वाजता किती झाली. पण पेशंटला माहीत असायचं गं."

मी वहीकडे हात पुढे केला.

"आणि शेजारी दुसरा रकाना असायचा," तुम्ही म्हणालात. "किती प्यायला त्याचा. तो नसला तर हा काही कामाचा नाही. तो तू ठेवला नाहीस."

वही मिटून तुम्ही सरळ केलीत, टेबलाच्या कडेला समांतर. पेन्सिल घेतलीत. दोन दिवसांनी पिशवी भरून म्हणालात, "चार दिवस लेकीकडे जाऊन येते." मी दारात उभी होते. थांबा, असं म्हणायला एवढासा वेळ लागला असता. मी म्हटलं, "बरं."

तुमचा शब्द तुमच्यावरच उलटवला, असं नंतर वाटलं. तेव्हा तर मी फक्त दमले होते.

आई, मी माफी मागते. तुम्हाला न सांगता मोजलं त्याची. पेला पाहूनही गप्प राहिले त्याची. "सुधारणा" लिहिलं त्याची सगळ्यांत जास्त.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. पण हात दुखतोय. हे कारण खोटं आहे. तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी टाळता येणार नाही.

तुमची,
सून


११ मार्च, मंगळवार

आई,

नमस्कार. आज तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण काल ताईंनीच सांगितलं.

त्यांचा फोन दुपारी ग्रंथालयात आला, मी पुस्तकांच्या घोडीवर उभी होते. त्यांचा आवाज चढलेला. "वहिनी, आई दिवसभरात दोन पेले पाणी पिते. डॉक्टर म्हणाले लघवीला संसर्ग झालाय, पाणी कमी पडल्यामुळे. आणि इथे, माझ्या घरात, बाथरूमला जाण्याआधी मला विचारते. 'जाऊ ना?' म्हणते. काल आमचे हे बसले होते, त्यांच्यासमोर विचारलं तिनं. तुम्ही लोकांनी काय केलंत तिला?"

मी घोडीवरून खाली उतरले. खालच्या पायरीवर बसले. त्यांना म्हटलं, संध्याकाळी फोन करते. मग जे दीड महिना लिहीत नव्हते ते आधी घरात सांगितलं आणि आता तुम्हाला लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर पुन्हा कुठेतरी वळसा घेईन.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर पाहिला. नऊशेचे आठशे तीस झाले होते. मला वाटलं वाचताना चुकले. दुसऱ्या दिवशी पाहिला, आठशे तीस. तिसऱ्या दिवशी तेच. घरातलं एक माणूस, जिच्यामुळे पाणी जातं असं मी धरून चालले होते ती, पूर्ण निघून गेली आणि फरक पडला सत्तर लिटरचा.

टाकीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मग कुठंतरी गळती आहे. फ्लशच्या टाक्या बघा. टाकीत रंग टाका, शाई टाका, काहीही. अर्धा तास कुणी जायचं नाही. खाली भांड्यात रंग उतरला, तर चोर तिथं आहे."

तो शनिवार होता, २५ जानेवारी. हे आणि ठमी बाहेर गेले होते. माझ्या पेनातली निळी शाई मी दोन्ही टाक्यांत ओतली. आधी तुमच्या संडासात जाऊन उभी राहिले. अर्धा तास. भांडं पांढरं स्वच्छ. मग आमच्या खोलीतल्या संडासात गेले. तिथे भांड्याच्या मागच्या कडेवरून निळी रेघ खाली उतरत होती, दोऱ्यासारखी, न थांबता. वाकून कान दिला तर बारीक सळसळही ऐकू आली. तुमचा फ्लश गरजायचा, म्हणून मी मोजला. हा गुपचूप वाहत होता, वर्षभर तरी, माझ्या पलंगापासून सहा पावलांवर.

आतला रबरी वॉशर कुजला होता, बाटलीच्या बुचाएवढा. बदलायला मला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशीचा आकडा चारशे तीस. टाकीत रोज चारशे लिटर पाणी आमच्या खोलीतून जात होतं. अंगण वाळलं ते त्यामुळे. त्याचा तुमच्या जाण्याशी काही संबंध नाही.

त्या दिवशी मी वही पुन्हा काढली आणि नीट मांडून पाहिलं. आम्ही तिघं चारशे तीस, म्हणजे माणशी एकशे त्रेचाळीस. तुम्ही सत्तर. घरात सगळ्यांत कमी पाणी तुम्ही वापरत होतात. अकरा वेळा जात होतात, कोपरापर्यंत हात धूत होतात, तेव्हाही मीटर फारसा वर नव्हता.

हे मला २६ जानेवारीला कळलं. पहिलं पत्र मी तुम्हाला ६ फेब्रुवारीला लिहिलं. त्यात "घरातलं एक माणूस कमी म्हटल्यावर तेवढा फरक पडायचाच" असं एक वाक्य आहे. ते लिहिताना मला ते खोटं असल्याचं माहीत होतं.

का, हे सांगायला हवं. वॉशर बदलल्यावर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी हे घरी आले, अंगणात फिरून आले आणि म्हणाले, "काय गं, सुकायला लागलं की. पाणी कमी झालं?" मी म्हटलं, हो. "बघ, आई गेल्यावर झालं ना. तिचं धुणंपुसणंच फार होतं." मी भाजी ढवळत होते. एकच वाक्य बोलायचं होतं: नाही, आपला वॉशर होता. मी मीठ घातलं. ते जाऊन ताईंना फोनवर तेच बोलले, आणि ताईंनी तुम्हाला गमतीत म्हटलं, असं आता कळतंय, "आई, जपून हं, इथेही टाकीच आहे." त्यांना काय माहीत. त्या थट्टेचं मूळ माझ्या गप्प बसण्यात आहे.

आणि गप्प का बसले, तर तुम्ही गेल्यावर मला बरं वाटलं होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं, कच्च्या कागदावर आहे. तुमच्यात काही खोट होती म्हणून नाही. सकाळी पाचला दार उघडल्याचा आवाज नाही. भाजी चिरताना पाठीमागे कुणी उभं नाही. कामावरून आल्यावर दिवसाबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही, सरळ जाऊन पडता येतं. एवढंच. एवढ्यासाठी. खरं सांगितलं असतं तर तुम्हाला त्याच दिवशी बोलवावं लागलं असतं. मी म्हटलं, आणखी एक आठवडा. मग आणखी एक. दर आठवड्याला वाटायचं, आता विश्रांती झाली, आता सांगते. तशी विश्रांती काही होत नाही, आई. मी आज जास्त दमलेली आहे.

काल संध्याकाळी जेवायला बसण्याआधी मी दोघांना सांगितलं. वही समोर ठेवली. यांनी पाच मिनिटं पानं चाळली. मग म्हणाले, "मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी ताईला काय काय बोललो." मी म्हटलं, म्हणूनच सांगायला हवं होतं. ते उठून अंगणात गेले आणि उभे राहिले. त्यांना राग आला की स्वतःला काही आठवलं, मला कळलं नाही. अकरा वर्षं टाकी उपसायची त्यांनाही सुचलं नव्हतं.

ठमीनं विचारलं, "आजीला कोण सांगणार?"

"मी."

"पत्रात?"

"हो."

"पत्रात सोपं असतं," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली. सोळा वर्षांची आहे. ती तुमच्यावर गेली आहे, थोडकं बोलते.

मग ताईंना फोन केला. सगळं सांगितलं, हेच, याच क्रमानं. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी पण तिला टाकीवरून चिडवलं. आता मी कोणत्या तोंडानं तुम्हाला बोलू?" आम्ही दोघी रडलो नाही. दोघींनीही आधी फोन ठेवला नाही, एवढंच.

हे पत्र तुम्हाला गुरुवारपर्यंत मिळेल. तुम्ही दोनदा वाचाल, पिशवीत ठेवाल. ठमीचं खरं आहे, त्यावर थांबणं मला सोपं जाईल. म्हणून रविवारी सकाळच्या बसनं मी येते आहे. एकटी. अकरापर्यंत पोचेन. जावई असतील, मुलं असतील, त्यांच्यासमोर हे सगळं तोंडानं सांगेन: वॉशर आमच्या खोलीतला होता, आजीमुळे काही झालं नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं. अडखळेन. मधे सावरून घेऊ नका. तुमची ती सवय आहे, समोरचा अडखळला की तुम्ही त्याचं वाक्य पुरं करता.

त्यानंतर तुम्ही काय म्हणाल ते. माझ्याबरोबर परत यायचं नसेल, तर तसं तोंडावर म्हणा. घरी यायचंय, पण या सुनेच्या भिंतीला भिंत लावून राहायचं नाही, असं असेल तर तेही म्हणा. त्याबद्दल मी यांच्याशी बोलले आहे. आम्ही तिघं जवळपास भाड्याची जागा बघू. ते नाही म्हणाले नाहीत. घर तुमच्या नावावर आहे. ती टाकी बांधताना तुम्ही पाळी संपवून उन्हात येऊन उभ्या राहायचात आणि गवंड्यानं विटांचा एक थर कमी लावला तेव्हा पुन्हा लावायला लावलात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. या घरातून कुणी पिशवी भरून जायचं असेल, तर ते तुम्ही नाही.

वारंवार जावं लागतं त्याबद्दल डॉक्टरांना नीट सांगा. किती दिवसांपासून, किती वेळा, सगळं. तुम्ही दुसऱ्यांच्या बाबतीत लाजायचं नाही म्हणून ओरडायचात. मी विचारायला हवं होतं, "आई, त्रास होतोय का?" त्याऐवजी आकडा टाकला.

पत्र मिळेल तेव्हापासून रविवारपर्यंत तीन दिवस असतील. तेवढ्यात माझ्यासाठी काही करू नका, उत्तरही लिहू नका. फक्त पाणी प्या. लागेल तेवढ्या वेळा जा. जाताना कुणालाही विचारू नका, ताईंनाही नाही.

तुमच्या घरात राहणारी,
तुमची सून